कुंडीमागे किती

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. आता ती आठवीत आहे, इथल्या जपानी शाळेत. आम्ही अजून जपानमध्येच आहोत, टोकियोला लागून असलेल्या उरायासूत. नवरा बँकेत, मी एका संशोधन संस्थेत. काम अजून तेच, तुम्ही हाताला लावलेलं: पानांतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं, आणि ऊन, पाणी, थंडी बदलली की ती कशी वाढतात नि घटतात. कुंड्या मात्र गेल्या. कावासाकीत एका बिनखिडक्यांच्या हॉलमध्ये रॅकवर रॅक चढवून लेट्यूस पिकवतात, मातीशिवाय, दिव्यांच्या उजेडात. त्या लोकांबरोबर आमचा प्रकल्प चालू आहे. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालावा लागतो. तुम्ही असतात तर आधी त्या सूटला हसला असतात, आणि मग इथे वारा कुठून येतो ते विचारलं असतंत. हे सगळं तुम्हाला कधीतरी कौतुकानं सांगायचं होतं. आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. मी तुमच्या तोंडी एक वाक्य घातलं, जे तुम्ही कधी बोलला नव्हतात, आणि तेही भर सभेत, माझ्या मुलीच्या देखत.

तुम्ही खरं काय म्हणाला होतात, ते मला अगदी स्वच्छ आठवतं, त्यामुळे विसरले असं म्हणायचीही सोय नाही. एमएस्सीचं शेवटचं वर्ष, कोल्हापूरच्या कॉलेजची गच्ची आणि लाल माठाची भाजी लावलेल्या माझ्या कुंड्या. अर्ध्यांना रोज पाणी, अर्ध्या तहानलेल्या ठेवायच्या. तहानलेल्यांची पानं तपासली तर त्यांत लाल रंगद्रव्यही जास्त आणि बाकीची द्रव्यंही जास्त. मी हरखून गेले. रिपोर्टच्या शेवटी लिहून टाकलं की ताण सोसलेली झाडं अधिक चांगली असतात. तुम्ही ते पान वाचलंत आणि रविवारी उरलेला माठ घेऊन घरी ये म्हणालात.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. ओट्याशेजारी ती निळी खिडकी, खाली पाटावर तुमच्या आई लसूण सोलत बसलेल्या. तुम्ही दोन कढया चढवता. एकीत पाणी प्यायलेला माठ, दुसरीत तहानलेला, दोन्हींना फोडणी तीच. पहिली भाजी सगळ्यांना पुरून उरते. दुसरी आळून वाटीच्या तळाशी जाऊन बसते. मी ती खाते. कडवट लागते, आणि कितीही चावली तरी तोंडात चोथा राहतो. पदराला हात पुसत तुम्ही विचारता, "ग्रॅममागे जास्त आहे, ते दिसलं मला. कुंडीमागे किती आहे?" मी ते काढलेलंच नव्हतं. तिथेच बसून काढलं, तर कुंडीमागे कमी भरत होतं, कारण झाडच मुळी वाढलेलं नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, आवाज जराही न चढवता, "झाड हे आपल्यासाठी करत नाही गं. त्याला उठून सावलीत जाता येत नाही, विहिरीवर जाता येत नाही, म्हणून करतं. जीव वाचवायची धडपड आहे ती. खाणाऱ्याला तिचा उपयोग होतो, ठीक आहे. पण त्यात झाडाचं भलं झालं असं पुन्हा लिहू नकोस." तुमच्या आईंनी मान वर करून, पोरीला जेवताना कशाला रागावतेस, असं विचारलं होतं. मी मान खाली घालून दोन्ही भाज्या संपवल्या आणि घरी जाऊन ते वाक्य खोडलं. त्यानंतर प्रत्येक पेपरमध्ये मी पूर्ण झाडाचा आकडा द्यायला चुकले नाही. इथले लोक त्याला माझा काटेकोरपणा म्हणतात. मी कुणालाच सांगितलं नाही की तो तुमच्याकडून आलाय.

आता मुलीचं सांगते. एप्रिलमध्ये इथे नवं वर्ष सुरू होतं, वर्ग बदलतात. या वर्षीच्या वर्गात तिच्या व्हॉलीबॉल क्लबमधल्या मुली आल्या आणि त्यांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, मारहाण नाही, शिवीगाळ नाही. ती खोलीत शिरली की बोलणं थांबतं, एवढंच. शाळेतलं जेवण चार-पाच बाकं जोडून खायचं असतं, तर तिच्या बाकाला कुणी बाक जोडेना. हे तिनं मला एकदम सांगितलं नाही. आधी सकाळी पोट दुखायला लागलं. मग वहाण सापडेना, बाटली सापडेना, आणि शाळेतल्या नर्सबाईंच्या खोलीतून फोन यायला लागले की मुलगी इथे झोपली आहे. नवरा म्हणाला, शाळा बदलू या, नाहीतर थोडे दिवस घरी राहू दे. मी नाही म्हणाले. मी त्याला माझ्या कामाच्या भाषेत समजावलं की सगळं मऊसूत मिळालं तर माणसात काही तयारच होत नाही. तो आकड्यांचा माणूस, पण त्या दिवशी तो म्हणाला की ती काही भाजी नाही. मला त्याचा राग आला होता.

त्याच सुमारास ओजिमाच्या एका हॉलमध्ये आपल्या मराठी लोकांचा कार्यक्रम होता. तिथे बरीच भारतीय कुटुंबं राहतात. मुलांना घेऊन या, आणि तुमच्या संशोधनाबद्दल सोपं काहीतरी बोला, असं मला सांगितलं होतं. मी दोन फोटो दाखवले. एकाच पाकिटातल्या बियांचं लेट्यूस. एकाला शेवटपर्यंत मंद उजेड आणि बेताची हवा, ते फिकट हिरवं. दुसऱ्याला कापणीआधीचे थोडे दिवस थंडी आणि अतिनील किरण दिले, ते जांभळट लाल. लोक पुढे झुकून पाहायला लागले. लाल पानांत संरक्षण करणारी द्रव्यं कितीतरी जास्त असतात, हे मी सांगितलं. त्या ट्रेचं वजन कमी भरतं, हे सांगितलं नाही. समोर सगळे आईबाप बसलेले, अभ्यास, शाळा, दोन-दोन भाषा यांनी वैतागलेले. त्यांना काहीतरी हवं होतं आणि मला ते देता येत होतं. मी म्हणाले, "माझ्या बाई म्हणायच्या, झाडाला थोडं सोसू द्या, त्याशिवाय त्याच्यात काही उतरत नाही. मुलांचंही तसंच आहे." टाळ्या पडल्या, बाई. पोह्यांच्या वेळी लोक येऊन तुमच्याबद्दल विचारत होते. किती मोठ्या विचाराच्या होत्या म्हणाले. एकीनं ते वाक्य फुलांच्या चित्रावर लिहून संध्याकाळच्या आत ग्रुपवर टाकलं, खाली 'एक शिक्षिका' असं. मी त्यावर हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

माझी मुलगी शेवटच्या रांगेत, खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. परतताना एका स्टेशनवर गाडी बदलायची होती. फलाटावरच्या बाकावर आम्ही दोघीच. तिनं जपानीतच विचारलं की त्या लाल लेट्यूसचं नंतर काय होतं. मी सांगितलं, कापतात, पाकिटात भरतात, सुपरमार्केटला जातं. कधी, म्हणाली. लगेच, दोन-तीन दिवसांत, कारण जास्त ठेवलं तर पानं करपतात. माझ्याशी ती क्वचित मराठी बोलते; मी मराठीत विचारायचं आणि तिनं जपानीत उत्तर द्यायचं, असंच आमचं चालतं. पण तेव्हा ती शब्द शोधत, एकेक करून, मराठीत बोलली. "म्हणजे त्यांना पुढे जगायचं नसतं. मला तर उद्या पण शाळेत जायचंय, आई."

गाडी आली आणि आम्ही चढलो. खरं तर त्याच क्षणी तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? मला वाटलं, हिनं माझा मुद्दा बरोबर पकडला. परीक्षकानं नेमका कच्चा भाग दाखवावा तशी मी आतल्या आत चरफडले. आपल्या मुलीबद्दल असं वाटलेलं कुणाला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती गणवेश घालून, बूट घालून, नेहमीप्रमाणे 'इत्तेकिमास', म्हणजे येते गं, म्हणून बाहेर पडली. मी जिंकले असं मला वाटलं. कावासाकीच्या हॉलमध्ये सूट चढवत होते तेव्हा शाळेतून फोन आला की मुलगी आलेली नाही. मी त्या पांढऱ्या सुटावरच खाली धावले. गाडीत माझ्याकडे लोक बघत होते. नवरा माझ्या आधी पोचला आणि त्यालाच ती सापडली. आमच्याच इमारतीच्या खाली, सायकली ठेवायच्या शेडमध्ये, मागच्या भिंतीला टेकून बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. ती इमारतीच्या बाहेर गेलीच नव्हती. सकाळी बसथांब्यावर जाताना मी त्या शेडवरूनच गेले होते. तिनं मला पाहिलं होतं. हाक का मारली नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, तू खूश दिसत होतीस.

ती आता शाळेत जात नाही. इथे अशा मुलांसाठी फुतोको हा शब्द आहे, आणि इतकी मुलं आहेत की शब्द सर्रास वापरला जातो. आठवड्यातून काही दिवस ती महापालिकेच्या एका केंद्रात जाते. तिथे एक निवृत्त शिक्षक मुलांना गणित शिकवतात आणि कुणी न बोलता नुसतं बसून राहिलं तरी चालतं. नवऱ्यानं मला एका शब्दानंही दोष दिलेला नाही. मीच त्याला म्हणाले की तुझं बरोबर होतं, तर तो म्हणाला, बरोबर असून काय करू. पोट दुखणं थांबलंय. जेवते. गेल्या आठवड्यात तिनं स्वतःहून वरणफळं मागितली, आणि मी कणीक मळताना ओट्याला टेकून उभी राहिली. तेव्हा मी तिला तुमच्या दोन कढयांची गोष्ट सांगितली, खरी, सगळी. कुंडीमागे किती, ते वाक्यही सांगितलं. तिनं विचारलं, त्या बाई कडक होत्या का. मी म्हटलं, नाही. मग तू त्यांच्या नावावर का सांगितलंस, असं तिनं विचारलं. मी खरं उत्तर दिलं: माझं म्हणून सांगितलं असतं तर लोकांनी एवढं ऐकलं नसतं, आणि मेलेलं माणूस उठून नाही म्हणत नाही. ती म्हणाली, "मग आता तू सांग ना त्या लोकांना, की ते तुझं होतं." मी लगेच म्हणाले, सांगितलंय, ग्रुपवर लिहून टाकलंय. ती हसली आणि वरणफळाच्या कडा दाबायला लागली.

लिहिलेलं नाही, बाई. ते फुलांचं चित्र अजून फिरतंय. परवा माझ्या वहिनीनं पुण्याहून मलाच पाठवलं. दोन ओळींचं काम आहे. फोन इथे माझ्या शेजारी पडलाय, मुलगी पलीकडच्या खोलीत रेडिओ लावून चित्र काढतेय, शनिवारची सगळी दुपार मोकळी आहे, आणि मी त्या दोन ओळी सोडून हे एवढं लांबलचक लिहीत बसले, कारण हे कुणाला पाठवावं लागणार नाही.