पुओतची दोन वर्षं

बेंटिऊ,
१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण पुराच्या पाण्यात उभं राहून इथे सगळ्यांचेच दुखतात. तिकडे सीमेपलीकडे गांबेलाच्या निर्वासित छावणीत तुझ्या झोपडीवर नवं छप्पर चढल्याचं कळलं, बरं वाटलं. आपली पांढरी गाय व्यायली, कालवड झाली.

पुओत जिवंत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण मला सवयच लागली आहे टाळायची. पत्र वाचून दाखवणाऱ्या पोरीला सांग, हे पुन्हा एकदा वाच, आणि मग सावकाश पुढे जा.

तीन महिने तू निरोपावर निरोप धाडतेस, "सुटणाऱ्यांच्या यादीत माझ्या लेकाचं नाव आलं का?" आणि मी तुला गायी नि गुडघे कळवत राहिले. लढणाऱ्यांच्या ताब्यातली मुलं सोडवण्यासाठी त्यांची वयं ठरवते ती समिती आमची, आणि माझ्याच भाच्याचं नाव मला घालता येईना.

अठराच्या आतल्या पोराला सोडायचं, हे त्यांच्या कमांडरने सही करून मान्य केलंय. पण पुओतची पाळी आली तेव्हा कमांडरने प्लास्टिकच्या पिशवीतून शाळेचा दाखला काढला. त्याप्रमाणे पुओतला अठरा पूर्ण. खाली शिक्का, आणि अक्षर माझं.

ताई, ते भुकेचं वर्ष आठवतं? शाळेत दुपारी ज्वारीची लापशी मिळायची, पण सात वर्षांखालच्याचं नाव घेत नसत. पुओत पाचाचा होता, पोट पाठीला लागलेलं. मास्तरीण मीच. तुला न विचारता मी सात लिहिलं. आणि तो दाखला वेड्याने इतकी वर्षं जिवापाड जपला, पळवून नेलं तेव्हाही खिशात होता, तोच त्यांच्या हाती लागला.

खरं बोलले तर नोकरी जाईल, शिवाय मी ठरवलेल्या सगळ्याच पोरांच्या वयांवर लोक बोट ठेवतील, असं स्वतःला सांगत मी गप्प बसले. खरं म्हणजे भ्याले.

काल सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. कमांडर हसला. म्हणाला, "बरं बाई, कागद खोटा. मग कपाळही खोटं का? सहा रेघा आहेत त्यावर. रेघा पडल्या की पुरुष, हे तुमच्या आईने शिकवलं नाही वाटतं?"

होय ताई, त्याच्या कपाळावर रेघा कापल्यात. त्यांनीच, नेल्यावर. ना रीतीप्रमाणे बापाने बैल दिला, ना तू गाणं म्हटलंस.

तेवढ्यात पुओत उठला. कुंपणाशी एक चिमुरडी गाईची धार काढत होती. त्याने तिच्या हातातलं भोपळ्याचं भांडं घेतलं, उकिडवा बसला आणि स्वतः धार काढू लागला.

रेघा पडलेला पुरुष आपल्यात उपाशी मरेल, पण आचळाला हात लावणार नाही; धार काढणं बायकांचं नि कोऱ्या कपाळाच्या पोरांचं. त्याच्या बरोबरीची पोरं फिदीफिदी हसली. "काय गं बाई, आम्हालाही वाढ की!" तो मान खाली घालून काढतच राहिला. मग भांडं कमांडरपुढे ठेवून म्हणाला, "मला उचललंत त्या सकाळी मी हेच करत होतो. तेव्हा कपाळ कोरं होतं. माझ्या आईला विचारा."

कमांडरने भांडं बाजूला सरकवलं. म्हणाला, "न्या याला. बायकांची कामं करणारा मला कशाला हवा?"

मी वहीत सोळा लिहिलं. ते माझं शेवटचं लिहिणं. आजपासून मी समितीत नाही. बाकीच्या पोरांची वयं दुसऱ्या बाई पुन्हा तपासणार आहेत. त्यांतलं एक जरी माझ्यापायी अडकलं तर ते माझ्या माथी.

गुरुवारच्या ट्रकने पुओत तुझ्याकडे निघतोय. काल जेवताना मला विचारत होता, "मावशी, मी धार काढली हे तिकडच्या पोरांना कळेल का गं?" मी म्हटलं, नाही कळणार. पुन्हा खोटंच बोलले.

तो आला की कपाळाकडे टक लावून बघू नकोस. गाईचं काम सांगायचं की नाही, ते तू त्याची आई आहेस, तूच ठरव. आधी लापशी कर. पोटभर वाढ, आणि वय विचारू नकोस.

तुझ्या लेकाला दोन वर्षं आधीच मोठं करणारी,
तुझी धाकटी,
न्यादुओल