कोंबडा, सुपारी आणि मोबाइल

३ फेब्रुवारी, सोमवार. दौंड

वाचनालयातून पुस्तक आणलं. जुन्या काळी चीनमधल्या बाया देश सोडून कशा गेल्या, त्याचं. ग्रंथपाल म्हणाला, "मावशी, हे जड जाईल तुम्हाला. पाककृतीचं देऊ का?" माझ्या चौथीपर्यंतच्या शाळेची त्याला फार काळजी. विचारलं, "तू वाचलंस का?" तर नाही. मग जड कोणाला?

हे होते तेव्हा पुस्तक आणायला जावं लागत नसे. रेल्वेत नोकरी. गाडीत कोणी मासिक विसरलं की घेऊन यायचे. क्रमशः कथा असली की पुढचा भाग कुठला मिळायला. शेवट आम्ही दोघं चहा पिताना ठरवायचो. ह्यांचे शेवट नेहमी गोड. मी भांडायची.

६ फेब्रु., गुरुवार

सारिकाचा फोन, शिरूरहून. लग्नाला दोन वर्षं होतील. सुट्टी संपली तसा जावई कॅनडाला परत गेला, आणि माझी लेक सासरी राहिली. कागद आज होतात, उद्या होतात. नर्सिंग शिकलेली पोरगी सासूचं बीपी मोजते आणि भाकऱ्या थापते. नोकरीचं नाव काढलं की विहीणबाई, "व्हिसा कवाबी येईल. कशाला लोकाच्या दवाखान्यात राबायचं?" स्वतःच्या घरात राबवायला हरकत नाही.

(यापुढं त्यांना वि.बा. एवढंच लिहीन. सबंध शब्दाला शाई कशाला?)

९ फेब्रु., रविवार

पुस्तकात आज भलतंच वाचलं. मुलगा परदेशात कमवायला गेलेला, येणं जमत नाही. मग इकडं त्याच्या जागी कोंबडा ठेवून लग्न लावायचे. नवरीनं कोंबड्याशेजारी उभं राहून नमस्कार करायचे. पुढं सासू-सासऱ्यांची भांडी घासत वाट बघायची. कोणाचा नवरा म्हातारा होऊन आला, कोणाचा आलाच नाही.

सारिकाला फोनवर सांगितलं. हसली. मग म्हणाली, "कोंबडा निदान समोर तरी असंल गं आई."

आपल्याकडं बायको नसली तर पुरुष कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतो. बाईच्या जागी सुपारी चालते. पुरुष नसला तर मात्र काहीच चालत नाही, बाईनं मागं बसायचं. हे गेल्यापासून मी मागंच बसते. चिन्यांनी पुरुषाची किंमत एक कोंबडा तरी ठरवून दिली. मानलं त्यांना.

१२ फेब्रु., बुधवार

वि.बा.चा फोन. नव्या बंगल्याची वास्तुशांत रविवारी. पूजेला सासरे बसणार नाहीत, धडधाकट असून. "घर लेकाच्या पैशाचं, मानबी लेकाचाच. तो मोबाइलवर बसंल, सारिका शेजारी पाटावर."
म्हटलं, "मधेच बॅटरी उतरली तर?"
"चार्जर लावू की."
या बाईला टोमणासुद्धा मारता येत नाही. वाया जातो.

१६ फेब्रु., रविवार. शिरूरहून परत आल्यावर

झालं ते क्रमानं लिहिते. नंतर माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळच्या एसटीनं गेले. मी मागं, भिंतीपाशी, सवयीनं. दोन पाट. एकावर सारिका, एकावर मोबाइल, तांब्याला टेकवलेला. त्याच्याभोवती उपरणं गुंडाळलं. उपरण्याची आणि सारिकाच्या पदराची गाठ मारली. आत जावई, झब्बा घालून, जांभया देत. तिकडं रात्र. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. भटजी मान वर करत नव्हते. दक्षिणा ठरलेली असावी.

मधेच जावई म्हणाला, "आई, फरशी बसलीय का नीट? दाखव ना."

वि.बा. उठल्या. मोबाइल उचलला, उपरण्यासकट, आणि निघाल्या घर दाखवत. गाठ बांधलेली, त्यामुळं सारिकाला उठून मागं जावं लागलं. स्वयंपाकघर. बाथरूम. "ह्यो बघ गिझर." मागं माझी लेक, खाली मान, मोबाइलला बांधलेली. विकत घेतलेली शेळीसुद्धा लोक जरा हळू ओढतात. कोणीतरी फिस्सकन हसलं. तिला दाखव असं तो एकदाही म्हणाला नाही. गिझर किती लिटरचा ते विचारलं.

जिन्यापाशी सारिका थांबली. गाठ सोडली. वि.बा. बोलत बोलत वर गेल्या, उपरणं पायऱ्यांवरून घासत. ही येऊन माझ्याशेजारी बसली, भिंतीला.

भटजी कावरेबावरे. "ताई, पूजा अर्धी राहिली हाय."
"माझ्या जागी सुपारी ठेवा," सारिका म्हणाली.
आणि त्या माणसानं खरंच ठेवली! मोबाइल आणि सुपारी, शेजारी शेजारी. त्यांनी मिळून वास्तुशांत केली. लोक जेवले. जिलबी कच्ची होती.

निघताना सारिका पिशवी घेऊन माझ्यामागं. वि.बा. दारातून, "जातीयस तर जा. पासपोर्ट माझ्या कपाटात हाय, त्यो इथंच ऱ्हाईल."

१८ फेब्रु., मंगळवार. दौंड

सकाळी तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली. शाळेत जायची तेव्हापासून माझ्या हातची वेणी. पुस्तक घेऊन बसली ते जेवायलाच उठली.

मी चहाचे दोन कप काढले. दोन वर्षांनी. ती इथं राहिली तर हे रोज होईल. म्हणूनच मी काही सल्ला देत नाही. माझ्या सल्ल्यात माझा चहा मिसळेल.

आणि एक. तिला तो अजून आवडतो. मोबाइलमध्ये लग्नातला फोटो बघत होती, मला बघून पालथा ठेवला. बाकी सगळ्यांना नावं ठेवता येतात मला. यापुढं हात टेकले.

२० फेब्रु., गुरुवार

जावयाचा फोन. मी भाजी निवडत होते, ऐकू येत होतं. आईची माफी माग, घरी जा, व्हिसाचं काम अगदी जवळ आलंय. रविवारी भाऊ न्यायला येईल, पासपोर्ट बरोबर आणेल. नाही गेलीस तर पुढचं मी बघणार नाही.

सारिकानं विचारलं, "नव्या घरात माझी खोली कुठली?"
"म्हणजे? सगळं घर तुझंच हाय."
"झोपायची कुठली?"
तर म्हणाला, "आईला विचारून सांगतो."

पुस्तकात आहे, अमेरिकेच्या बंदरावर साहेब, लग्न खरं का ते बघायला, नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारायचे. घराला खिडक्या किती, विहीर कुठल्या अंगाला. उत्तरं जुळली नाहीत तर बाईला परत बोटीत बसवायचे. बाईलाच.

२२ फेब्रु., शनिवार

सारिका यवतला जाऊन आली. तिथल्या दवाखान्यात नर्स हवी आहे. सोमवारपासून या म्हणाले. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी तिनं मला पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचून दाखवलं. नवरीचे केस लग्नात दुसरी बाई विंचरून बांधायची. पण काही मुली देवासमोर स्वतःचे केस स्वतः बांधायच्या. त्याचा अर्थ, आता लग्न नाही. मग बोटीत बसून सिंगापूरला. तिथंही लोकांच्याच घरची भांडी, पण पगार स्वतःचा.
"त्या सुखी होत्या का?" मी विचारलं.
"तसं लिहिलं न्हाई."
एवढं जाड पुस्तक, आणि नेमकं तेच नाही.

२३ फेब्रु., रविवार

दहा वाजता दीर यायचा आहे. सारिकानं पिशवी भरून दाराशी ठेवली. शिरूरसाठी की यवतसाठी, विचारलं नाही. दोन्हीकडं कपडे तेच लागतात.

तेलाची वाटी घेऊन मी तिच्यामागं बसले. तिनं हातातून कंगवा घेतला. "राहू दे आई. आज मी घालते."

खाली गाडीचं दार वाजलं. "वहिनीऽ, पासपोर्ट आणलाय! चला!" सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं.

ती भांग पाडत होती. वाकडा झाला, तर मोडून पुन्हा सरळ पाडायला घेतला.