तपासनीसाचा शेरा

४ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा खेळले. दुपारची भांडी तशीच ओट्यावर टाकून, खोलीचं दार लोटून — या वयात! ह्यांना सांगितलं, मिलचे अहवाल लिहायचेत. हे म्हणाले, "रविवारीसुद्धा? मालकाने दत्तक घेतलंय का तुला?" आणि परत आपल्या मोबाइलवरच्या पत्त्यांत डोकं घातलं. त्या पत्त्यांवरून मी ह्यांना किती बोलले आहे. पाहुण्यांसमोरसुद्धा. निवृत्त माणसाने चार पुस्तकं वाचावीत, पाय मोकळे करावेत, हे काय पोरखेळ! आणि मी आत बसून काय करत होते, तर एका कोल्ह्याला पूल ओलांडायला लावत होते.

लेकीमुळे सुरू झालं हे. तिचा जुना लॅपटॉप ठेवून गेली आणि माउस हातात बसावा म्हणून त्यात एक खेळ घालून गेली. माउस बसला. खेळही बसला. मग ती साइट सापडली. कुणी एकट्याने, कुणी दोघांनी घरी बसून केलेले छोटे छोटे साहसखेळ. वर कोपऱ्यात एक बटण आहे, ते दाबलं की कुठलाही एक खेळ पुढ्यात येतो, थोडक्या पैशांत विकत घ्यायचा. आवडनिवड नाही. मिलमध्ये तपासणीच्या टेबलावर जो तागा येईल तो बघायचा, तसंच. खेळायचं आणि खाली आपलं मत लिहायचं.

आवाज नेहमीप्रमाणे बंद. भिंती पातळ आहेत.

कोल्हा बावळट, पूल झकास, शेवट उरकलेला. शेरा: अर्धा पास, अर्धा परत विणा.

६ फेब्रुवारी

साइटवर माझं नाव 'तपासनीस'. आज कुणीतरी लिहिलंय, "तपासनीसांनी पास केलाय ना, मग डोळे झाकून घ्या." गुदगुल्या झाल्या. जन्मभर कापड तपासलं, मिलमध्ये असं कुणी कधी म्हटलं नाही. तिथे फक्त परत पाठवलेल्या ताग्यांची आठवण ठेवतात.

ते वाक्य पुन्हा जाऊन वाचलं. मग पुन्हा एकदा. लाज कशी वाटत नाही मला.

१० फेब्रुवारी

संताप!

आजचा खेळ असा. एक रिकामं गाव. नळांना पाणी नाही. पाणीपुरवठा खात्याचा एक माणूस हातात लोखंडी सळई घेऊन हिंडतोय. जमिनीखाली नळ कुठेतरी फुटलाय, ती गळती शोधायची. चित्रं हाताने काढलेली आणि खरंच सुरेख. ओल धरलेल्या भिंतींचे पोपडे असे की नखाने काढावेत. मला वाटलं, वा, आज मजा आहे.

पुढे काय? तो माणूस सळई जमिनीला टेकवतो, तिच्या टोकावर डोकं ठेवतो आणि उभा राहतो. उभ्या उभ्या डुलकी काढल्यासारखा. मग खेळ विचारतो, इथे खणू? कशावरून खणू? खूण नाही, पाटी नाही, ओलसर डाग नाही. आख्खी गल्ली खणली. कोरडी माती. तो घाम पुसतो आणि पुढे जाऊन पुन्हा डोकं टेकतो. देवळापासून शाळेपर्यंत सगळा रस्ता उकरून ठेवला, पाण्याचा थेंब नाही.

शेरा लिहिला: "चित्रं पास. खेळ नापास. करणाऱ्याला रेघ काढता येते, विचार करता येत नाही. उत्तर न ठेवता कोडं घालणं ही चक्क फसवणूक आहे. घेऊ नये."

लिहून हलकं वाटलं. कसूर पकडली की वाटतं तसं.

१३ फेब्रुवारी

शेऱ्याखाली लोकांची रांग. "वाचवलंत." "घेणार होतो, हात आखडला." एकाने तर खेळ न बघताच माझंच वाक्य उचलून दुसरीकडे चिकटवलंय — चक्क फसवणूक.

मिलमध्ये आज दोन तागे परत पाठवले. मागखात्याचे लूम मास्तर टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या खात्यात यंत्रांच्या धडधडीत बोलून उपयोग नसतो, सगळा कारभार हातवाऱ्यांचा. माझं टेबल त्याच भिंतीला लागून, ती धडधड जन्मभर सोबतीला. इथे टेबलाशीही त्यांनी सवयीने हातच हलवले. म्हणजे, काय हो बाई, जरा डोळेझाक करा. मी बोट ठेवून तुटलेला धागा दाखवला. गेले.

१५ फेब्रुवारी

तो खेळ करणारीचा निरोप आला. मुलगी आहे. शब्द न शब्द लिहून ठेवते, म्हणजे मला विसरता येणार नाही.

"तपासनीस सर, राग नाही. फक्त एक विचारू? खेळताना आवाज चालू होता का? सळईला कान लावला की जमिनीखालची गळती ऐकू येते, खेळ तेवढाच आहे. बाबा पाणीपुरवठा खात्यात हेच काम करायचे. त्यांच्याच सळईला माइक लावून आम्ही दोघांनी खऱ्या गळत्यांचे आवाज टिपलेत. दुसरी खूण मुद्दाम ठेवली नाही, कारण बाबांनाही कधी नसायची. तुमच्या शेऱ्यानंतर एकही प्रत गेलेली नाही. नोकरी सोडून हे केलं होतं. महिनाअखेरपर्यंत वाट बघेन."

डोकं टेकत नव्हता तो. ऐकत होता.

हे चहा घेऊन आले तर मी लॅपटॉप फटकन मिटला. हे म्हणाले, "मिलमध्ये काही झालं?" म्हटलं, हो.

१६ फेब्रुवारी

लिहायला बसले. "माझ्या लॅपटॉपमध्ये बिघाड असल्याने —" खोडलं. खोटं बोलायचं तेही यंत्राच्या नावावर.

१७ फेब्रुवारी

नाही लिहिलं. नुसती जाऊन बघून आले, अजून कुणी घेतलाय का. नाही.

दिवसभर कापड पुढे सरकत होतं आणि मी त्यात एकच गोष्ट बघत होते. कुणाचा तरी माल मी न तपासता नापास केला. ताग्याची घडीही न मोडता. माझ्या हाताखालच्या बाईने हे केलं असतं तर मी तिला दारात उभी केली नसती.

१८ फेब्रुवारी

आधी ह्यांना सांगितलं. नाहीतर तिकडे लिहायचं बळ आलं नसतं. चहाच्या वेळी म्हटलं, मी खेळते. हे म्हणाले, काय? म्हटलं, खेळ. लॅपटॉपवर. अहवाल वगैरे काही नसतात.

ह्यांनी चष्मा काढला. वाटलं, आता जुना सगळा हिशेब निघणार, पाहुण्यांसमोरचा अपमान, पोरखेळ, सगळं. हे म्हणाले, "पैसे लावून?" म्हटलं, छे. "मग त्यात मजा काय?" आणि बिस्कीट बुडवलं.

बोलले असते तर बरं झालं असतं.

मग साइटवर लिहिलं. "या खेळाबद्दलचा माझा शेरा मी मागे घेते. मी आवाज बंद ठेवून खेळले, कारण घरच्यांपासून लपवून खेळत होते. चूक पूर्णपणे माझी आहे. आवाजासह खेळून पुन्हा लिहीन."

१९ फेब्रुवारी

काय ती करमणूक लोकांची! "तपासनीस बाई निघाल्या!" "काकू, काकांना घाबरता होय?" एकजण म्हणतो, आजवरचे सगळे शेरे आता पुन्हा तपासायला हवेत. त्याचं चूक नाही.

त्या मुलीने लिहिलं, "मॅडम, इतके दिवस सर म्हणत होते, माफ करा. तुमचा पहिला शेरा बाबांना दाखवलाच नव्हता. कालचा वाचून दाखवला. म्हणाले, बाई सरळ आहे. आता तिला पाणी सापडेल."

तोंड लपवावंसं वाटलं. आणि थोडं बरंही वाटलं.

२१ फेब्रुवारी

लेकीचे हेडफोन शोधून काढले. आवाज शेवटपर्यंत वाढवला. कामावरून येऊन पदर खोचून बसले, परीक्षेला बसावं तशी.

आणि खरंच, खेळ दुसराच आहे! त्या माणसाच्या वहाणा खडीवर कुरकुरतात. लांब कुठेतरी कुत्रं. एक पत्रा वाऱ्याने आपटतोय. तो खोकतो तेव्हा आपल्यालाच घसा खाकरावासा वाटतो. मनात म्हटलं, पोरी, जिंकलीस.

मग त्याने सळई टेकली, कान लावला. मीही श्वास धरला.

काही नाही. जमिनीत खोल कुठेतरी घुमल्यासारखं होतं, आणि ते सगळीकडे सारखंच. देवळाशी तेच, शाळेशी तेच. हेडफोन काढून पुसले, उलटे घातले. लॅपटॉप बंद करून सुरू केला. पुन्हा पहिल्या गल्लीपासून कान लावत गेले. घुमणं. खणलं. कोरडी माती.

म्हणजे माझं पहिलंच खरं होतं. मनातल्या मनात टाळी वाजवली मी. खरं आहे ते लिहिते — आनंद झाला. त्या मुलीच्या खेळात कसूर निघाली म्हणून मला आनंद झाला!

२२ फेब्रुवारी

घाई नको म्हणून आज पुन्हा खेळले. तेच. मग लिहिलं.

"आवाजासह दोनदा खेळले. वाऱ्याचा, कुत्र्याचा, वहाणांचा आवाज आहे. गळतीचा नाही. माझी चूक मी चारचौघांत कबूल केली, आता करणारीने तिची करावी. वडिलांचं नाव पुढे करून माल खपवू नये. नापास."

२३ फेब्रुवारी

लोक पुन्हा माझ्या बाजूला. "काकूंनी हिशेब चुकता केला." कालपर्यंत हसणारेच हे.

दोघातिघांनी लिहिलंय, आम्हाला तर ऐकू येतो. मैत्रिणी असणार तिच्या. ती स्वतः एवढंच म्हणते, "मॅडम, आहे हो. बारीक आहे, चिरल्यासारखा. जरा शांत ठिकाणी बसून ऐकाल का?" मी काय बाजारात बसून खेळते? उत्तर दिलं नाही.

वडिलांबद्दलचं वाक्य मात्र पुन्हा पुन्हा डोळ्यापुढे येतंय. ते लिहायची गरज नव्हती.

२५ फेब्रुवारी, रविवार

खेळ साइटवरून उतरवलाय. त्या जागी तिचा निरोप: "मला काय म्हणायचं ते म्हणा, बाबांवर जायला नको होतं. त्यांनी ते वाचलं. खेळ काढून टाक म्हणाले. उद्यापासून जुन्या नोकरीवर हजर होतेय. ज्यांनी घेतला त्यांचे आभार."

ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाले, "तुझं बरोबर असेल. पण म्हाताऱ्याला कशाला ओढलंस?"

त्या म्हाताऱ्याने मला सरळ म्हटलं होतं.

२७ फेब्रुवारी

मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. लूम मास्तर कशाला तरी हसत होते, मला वाटलं मलाच. त्यांना काय माहीत असणार!

वाक्य चुकलं. शंभरदा कबूल. साइटवर तेवढं काढूनही टाकलं आज. पण खेळ चुकलेला होताच, त्याला मी काय करू? मी कापडात नसलेलं भोक पाडत नाही. काहीजण अजून विचारतायत, तुम्ही नीट ऐकलंत ना. पुरावाच ठेवते. माझ्याकडे खेळाची प्रत आहे. हेडफोन काढून, आवाज मोठा करून, मोबाइलवर सगळं टिपायचं आणि साइटवर टाकायचं. ज्याला ऐकायचंय त्याने ऐकावं. मग हा विषय संपला, आणि खेळणंही संपलं. बटण दाबायचं नाही पुन्हा.

२८ फेब्रुवारी

मोबाइल टेकवून ठेवला. आवाज पूर्ण. तो माणूस शाळेच्या कोपऱ्याशी सळईला कान लावून उभा.

हे हॉलमधून उठले. स्वयंपाकघरात गेले, मग न्हाणीघरात. परत येऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "सगळे नळ बंद आहेत. पाणी कुठे सुटलंय?"

म्हटलं, कसलं पाणी?

"अगं, हे काय. केवढं वाजतंय. ऐक ना."

मी ऐकत होते. तेच घुमणं.