शेवेचं रिकामं पाकीट

रविवार, संध्याकाळ. ऑस्ट्रियातल्या डोंगरावरून परतीच्या बसमध्ये, कॉलेजच्या ग्रुपसोबत.

राग अजून जात नाहीये. आईने देवासहून पाठवलेली शेव मी या डोंगरासाठी महिनाभर राखून ठेवली होती. वर पोचलो की सगळ्यांनी मिळून खायची, असं ठरलं होतं. पाकीट समीरच्या बॅगेत होतं. वाटेत वर्गातल्या लेनाचा गुडघा दुखायला लागला, म्हणून मी तिच्यासोबत मागे राहिले. आमच्या घरचे देवासच्या टेकरीवर देवीला जातात तेव्हा शेवटचा माणूस वर आल्याशिवाय कोणी दर्शनाला आत जात नाही. इथल्या पोरांना हे कुठून माहीत असणार? पण समीर तर धारचा! दर नवरात्रात आमच्याकडे उतरून, आमच्यासोबत टेकरी चढलेला.

आम्ही पोचलो तर फोटो काढून झालेले, पाकीट रिकामं.

“काय भिया, थांबता नाही आलं?” मी आमच्या घरच्या बोलीत विचारलं.

“यार, सगळ्यांना भूक लागली होती. इतकं काय त्यात?”

लेना तर नुसती हसली. मग मलाच का एवढं झोंबतंय? एक पाकीट शेव!

आत्ता आईचा फोन आला. “शेव पुरली का गं सगळ्यांना?”

समीर शेजारीच बसलाय, खिडकीबाहेर बघत.

“हो, पुरली,” त्याला नीट ऐकू जाईल असं मी म्हटलं. “समीरनेच वाटली.”