तुमचे मोडके बाक

अलाबामा, जानेवारी १९३३

शिक्षणाधिकारी पर्डीसाहेब,

मंदी आहे म्हणून काळ्या मुलांच्या शाळेचा कोळसा आपण बंद केलात. गोऱ्यांच्या शाळेत मात्र याच महिन्यात नवे बाक आले. मंदीला तिकडची वाट सापडली नसावी. त्यांचे मोडके बाक आमच्याकडे धाडून, मला, चाळिशीच्या मास्तरीणबाईला, वर म्हणालात, "अगं लुव्हीनिया, आभार तरी मान!"

मानते. पोरांची बोटं गारठली तेव्हा ते बाक फोडून आम्ही शेगडीत घातले. आपल्या चिरंजीवांचं नाव कोरलेला आधी. पोरं आता जमिनीवर बसतात, पण कुडकुडत नाहीत. आपल्या खात्याकडून मिळालेली ही पहिलीच ऊब.

पत्र टपालात टाकलं तर माझी नोकरी जाईल. शिवाय उद्या शेगडी पेटवायला कागद हवाच आहे.

आपली आभारी,
मिस टॉलिव्हर