दादाची बाजू

खोपट, ठाणे
१४ जानेवारी

चि. रवींद्र यास दादाचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

वि. वि. फोन केला की आपण दोघंही तापतो, आणि घरच्या ग्रुपमधून तर तू रागाने निघूनच गेलास, म्हणून म्हटलं कागदावर लिहावं. लढाई सुरू होऊन आठवडा झाला. रत्नूचा परवा फोन आला होता. तिकडे थंडी फार आहे, पण मी मजेत आहे, असं म्हणाला. सैन्यातला पोरगा आईला दुसरं काय सांगणार? तुझी वहिनी रोज वंदना झाली की बातम्या लावते आणि नकाशा दाखवला की उठून जाते.

तुझ्या पक्षाच्या सभेत तू काय बोललास ते डोंबिवलीहून इथवर आलं. सीमेपलीकडच्या गावात शस्त्रांचा साठा होता, आपल्यावर हल्ला होणार होता, म्हणून आपण गेलो, असं सरकार सांगतं. तू म्हणतोस, साठाबिठा काही नाही, पुढे निवडणूक आहे. अरे, मी जन्मभर डेपोत गाड्यांखाली आडवा झालेला माणूस, मला राजकारणातलं कमी कळत असेल. पण स्वतःचा पुतण्या तिकडे उभा असताना काकाने असं बोलू नये. माझा पोरगा परत येईपर्यंत तेवढं तोंड आवर. मग मला हवं तेवढं वेड्यात काढ.

तुझ्यावर रागावलेला, पण तुझाच,
दादा


डोंबिवली (पूर्व)
२० जानेवारी

ती. दादा आणि वहिनी यांस सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून एसटीच्या पाटीसारखं ठसठशीत आहे, बघून बरं वाटलं. पण दादा, तुझं ऐकता येणार नाही. आधी साठा म्हणाले, मग भुयार म्हणाले, आता म्हणतात धडा शिकवायचा होता. प्रत्येक नव्या कारणाला तू मान डोलावलीस. भाजीवाल्याने उभ्या उभ्या असा भाव बदलला असता तर तू त्याला सोडला असतास का?

रत्नूला भरतीसाठी पहाटे धावायला मी न्यायचो, हे विसरू नकोस. तो माझाही आहे. तो तिकडे आहे म्हणूनच मी विचारतो. पोराला पाठवायचं तर कारण खरं असावं, एवढंच माझं म्हणणं.

तुझ्या पुतणीने, प्रीतीने, तिळाचे लाडू केलेत, सोबत पाठवतो आहे. दाताला लागले तर मला शिव्या दे. सरकारला तर तू देणार नाहीसच.

भांडणाइतकाच लोभही पुरून उरू दे.
रवींद्र


खोपट, ठाणे
१७ फेब्रुवारी

रवींद्र, जयभीम.

रत्नूला आणलं त्या दिवशी तू गर्दीत मागे उभा होतास. मी बघितलं. पुढे बोलावलं नाही, कारण सकाळीच कोणीतरी मोबाईलवर दाखवलं होतं. डोंबिवलीत तुझ्या पक्षाने त्याच्या फोटोचा फ्लेक्स लावला, त्यावर लिहिलं, हा जवान कशासाठी गेला? आमच्या लोकांनी टेंभी नाक्यावर लावला, त्यावर लिहिलं, देशासाठी. दोन्हीकडे फोटो तोच, प्रीतीच्या साखरपुड्यातला. आमच्या फ्लेक्सवर त्याच्या खांद्यावर चार बोटं राहिली आहेत, बाकीचा माणूस कापला आहे. तुझ्या वहिनीने ती बोटं ओळखली. म्हणाली, हे भाऊजी.

येत्या रविवारी पुण्यानुमोदन आहे. आपल्यात गेलेल्या माणसाबद्दल जो तो उठून दोन शब्द बोलतो. तू ये, पण बोलायला उठू नकोस. कशासाठी गेला, हे सभेत विचारायला सोपं आहे. मला त्याचं उत्तर घरात, त्याच्या आईला द्यावं लागतं. माझ्याकडे एकच उत्तर आहे, सरकारने दिलेलं. ते तेवढं राहू दे माझ्याकडे.

शिवराम


डोंबिवली (पूर्व)
२ ऑगस्ट

ती. दादा, सप्रेम जयभीम.

पुण्यानुमोदनाला येऊन तू सांगितलंस तसा गप्प बसून गेलो, त्यानंतर आज लिहितो आहे. तो फ्लेक्स तेव्हाच मी माझ्या हाताने उतरवला होता.

परवा चौकशी समितीचा अहवाल आला. त्या गावात साठा नव्हताच, असं सगळ्या चॅनेलवर चाललं आहे. तू ऐकलंच असशील, म्हणून घाईने लिहितो. दादा, त्यावर विश्वास ठेवू नकोस. समितीने नुसते कागद बघून ठरवलं, कागदांवर काय जायचं? साठा आधीच हलवला नसेल कशावरून? आमच्या पक्षाला वाढवून सांगायची खोडच आहे, मीही त्यातलाच. मी पुन्हा सगळं नीट वाचून काढलं आणि मला तुझंच बरोबर वाटतं. सरकारकडे पक्की माहिती असणार. रत्नू गेला तो माणसांचे जीव वाचवायला गेला. हे वहिनीलाही वाचून दाखव.

दोघं एकमेकांना सांभाळा.
रवींद्र


खोपट, ठाणे
९ ऑगस्ट

चि. रवींद्र यास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. डोळे पुसून म्हणाली, बघा, भाऊजीही म्हणतात. त्या दिवशी ती खूप दिवसांनी नीट जेवली. त्याबद्दल तुझे उपकार आहेत.

पण रव्या, मला नाही रे जेवण गेलं. अहवाल आला तेव्हा मी टीव्हीवाल्यांना शिव्या घातल्या, सगळे विकले गेलेत म्हटलं. डेपोबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोघांशी भांडलो. मग तुझं पत्र आलं. लहानपणापासून तू माझं एक म्हणणं कधी सरळ मान्य केलं नाहीस. कुठल्या गाडीने जायचं यावरून भांडलास, बाबांच्या औषधावरून भांडलास, मत कोणाला द्यायचं यावरून तर दर निवडणुकीला. आणि आता एका पानात सगळं कबूल, वर स्वतःच्याच पक्षाला दोष. तेव्हा मला कळलं की साठा नव्हता. टीव्हीने पटवलं नव्हतं, ते तू माझी बाजू घेतलीस म्हणून पटलं.

मी रागावलेलो नाही. हे लिहिताना तुझा हात कसा चालला असेल, ते मला कळतं. जिंकलेलं भांडण तू माझ्यासाठी हरून दाखवलंस. पण तूही माझ्या बाजूला येऊन बसलास, तर मला सांगणारं कोण राहिलं?

रविवारी जेवायला ये. वहिनीसमोर पत्रातलंच बोल. तिला ते लागणार आहे, बहुतेक कायमचंच. ती भाकऱ्या टाकायला आत गेली की मला हळू आवाजात खरं सांग. मी ऐकून घेईन.

येताना प्रीतीलाही आण.
तुझा दादा