ढोल थांबायची जागा

जानेवारीतला दुसरा शनिवार. सकाळी बाजार केला, दुपारी गाण्याचं काम. चारच्या सुमारास भाची येऊन गेली.

पप्पा, ताईच्या मुलीचं लग्न पुढच्या शनिवारी आहे. चर्चपासून घरापर्यंत आता तुमच्यासारखा बँड नाही, टेम्पोवर स्पीकर लावणार. त्यावरचं नाचाचं गाणं मी कॉम्प्युटरवर करतो आहे. तुमच्या मोठ्या ढोलाच्या जागी त्यात किक असते, एकसारखी पडणारी. मधे ती काढून घ्यायची, नुसते सूर ठेवायचे, लोकांना ताटकळवायचं आणि मग एकदम परत आणायची. ही मधली जागा मी लांब ठेवली होती. भाचीने ऐकलं आणि म्हणाली, "मामा, लग्न आहे माझं, ध्यानशिबिर नाही. तेवढ्यात लोक जेवायला बसतील."

"मग किती ठेवू?"

"निम्मी कर."

मला अडचण वेगळीच होती. वाटेवरच्या विहिरीजवळच्या घरातला मुलगा गेल्या महिन्यात वारला. त्याची आई दिवसभर दारात बसून असते. वरातीच्या वाटेत असं दुखवट्याचं घर आलं की तुम्ही हात वर करायचात आणि अख्खा बँड गप्प व्हायचा. अजून डोळ्यांपुढे आहे: लहानपणी मी तुमच्या मागे चालतो आहे, नवरी चालते आहे, फक्त पावलांचा आवाज. घर मागे पडतं आणि तुमचा ढोल नेमका त्या पावलांवर पडतो, जणू थांबलाच नव्हता. माझ्या गाण्यातली जागा मात्र ठरलेल्या वेळी येणार. टेम्पो तेव्हा कुठे असेल, त्याला काय कळणार?

शेवटी गाणं मधेच तोडलं. पहिला भाग पुन्हा पुन्हा वाजत राहील. त्या घरापाशी कुणीतरी हाताने आवाज बंद करायचा, पुढे गेल्यावर दुसरा भाग सुरू करायचा. "कुणीतरी म्हणजे कोण?" भाची म्हणाली. "तूच चाल टेम्पोबरोबर. दर लग्नात शेवटच्या बाकावर बसतोस, एकदा पुढे ये."

हो म्हणालो. पण पावलं ऐकून बरोबर ठोक्यावर परत कसं यायचं, हे तुम्हाला कधी विचारलं नाही. आता तुम्ही नाही, हे लिहून कुठे पाठवायचं नाहीच.

ती गेल्यावर चर्चपासून घराकडे एकटाच चालत निघालो, मनात ठोके धरून. विहिरीजवळ त्या मुलाची आई दारात होती. चप्पल वाजू नये म्हणून पाय हळू टाकले आणि तिथेच ठेका सुटला. थोडं पुढे जाऊन मागे वळलो, चर्चपर्यंत गेलो आणि पुन्हा चालायला लागलो.